सोडायचे काय, आवरायचे काय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय वेगांविषयी आहे. वेग म्हणजे आतून येणारी निकड. मलमूत्र, भूक, तहान, झोप, शिंक, जांभई, अश्रू असे 13 शारीरिक वेग अडवू नयेत, असे त्यात सांगितले आहे. अश्रू दाबले तर पडसे, नेत्रविकार, अरुची, भोवळ असे त्रास होतात, इतक्या बारकाईने ही नोंद येते.

त्याच अध्यायात आवरायचे वेगही आहेत. मनाचे लोभ, भय, क्रोध. वाणीचे कठोर व खोटे बोलणे. देहाचे परपीडा आणि चोरी.

रोजच्या धावपळीत हा क्रम उलटा होतो. लोकल गाठण्यासाठी प्रातर्विधी राहून जातो, डबा दुपारी तीनला उघडतो, डोळ्यांतले पाणी पदराआड जिरते. आणि संध्याकाळी सांडलेल्या दुधावरून मुलावर आवाज मात्र चढतो.

आतून उठलेली हाक शरीराची की रागाची, हे ओळखायला एक श्वास पुरतो. शरीराची असेल तर तिला लगेच वाट द्यावी. रागाची असेल तर क्षणभर थांबावे. स्वास्थ्य म्हणजे स्वतःत स्थिर असणे, आणि त्याची सुरुवात या ओळखीपासून होते.