पताकेचा कल आणि ऋतूंचा फेरा



मागे पातुरास सप्ताहात आम्ही सेवेला उभे होतो. वैशाखाचे दिवस, मंडपातसुद्धा अंग भाजत होते. निरूपणाच्या ओघात आम्ही बोलून गेलो की, या दिवसांत सूर्यनारायण जवळ येतो म्हणून ही तलखी. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरी पाया पडायला आले नि हळूच म्हणाले, "महाराज, सूर्य जवय आल्यानं तापते म्हंता, तं मंग तवाच आस्ट्रेलियात हिवाया काहून असते? नातवाच्या पुस्तकात लिवलं हाये."

आम्हांस उत्तर सुचेना. नारदाच्या गादीवरून खोटे बोललो, याची रुखरुख लागली. शोध घेता सगळे उलटेच निघाले. पृथ्वी सूर्याच्या अगदी जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. आणि अगदी दूर असते जुलैच्या आरंभी, सुमारे 15 कोटी 21 लाखांवर. म्हणजे आपण शेकोटीपाशी बसतो तेव्हा सूर्य जवळ, आणि आषाढीच्या धामधुमीत दूर!

मग ऋतू कशाने? हे पताकेवरून पाहा. देवळाला प्रदक्षिणा घालताना खांद्यावरची पताका सदा उत्तरेकडेच, ध्रुवाच्या रोखाने, कललेली ठेवा. देवळाच्या दक्षिणेला असाल तेव्हा तिचा शेंडा देवळाकडे झुकेल. उत्तरेला गेलात की तोच शेंडा देवळापासून दूर. पताका हलली नाही, तुम्ही फिरलात. पृथ्वीचा आस असाच साडेतेवीस अंश कललेला आहे. आपला उत्तरेचा भाग सूर्याकडे झुकला की दिवस मोठा, किरण उभे, आणि उन्हाळा. त्याच वेळी आस्ट्रेलियाचा भाग पाठ फिरवून असतो.

पातुरात मे महिन्याच्या 22-23 तारखेच्या सुमारास भरदुपारी उभे राहा, सावली पायाखाली येते. जुलैच्या 20-21 तारखेला सूर्य पुन्हा तसाच माथ्यावर येतो. पण तापलेल्या भूमीने समुद्रावरचे वारे ओढून आणलेले असतात, आभाळ भरलेले असते, म्हणून तो भाजत नाही. डिसेंबरात मात्र तो दुपारीही अर्ध्या आभाळापर्यंतच चढतो.

इतर ग्रहांचेही असेच. मंगळाचा कल सुमारे 25 अंश, म्हणून तेथेही ऋतू. पण वर्ष 687 दिवसांचे, तेव्हा प्रत्येक ऋतू लांबलचक. गुरूचा कल जेमतेम 3 अंश, त्याला ऋतू नाहीतच म्हणा ना!

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात न चालता चालणाऱ्या सूर्याचा दृष्टान्त आहे. तेवढ्यावरून काही मंडळी माउलींना खगोलशास्त्री ठरवितात. आम्हांस ती ओढाताण वाटते. तेथे विषय नैष्कर्म्याचा आहे.

पुढल्या सप्ताहात त्याच मंडपात आम्ही चूक कबूल केली. तेच बाबा पुढे बसले होते. म्हणाले, "आता पेरणी एकादशीवर काहून मोजू नये, थे बी सांगा." त्यांच्या शेजाऱ्याने तसे करून एकदा बियाणे वाया घालविले होते म्हणे. तर, तिथी चंद्राची. बारा चांद्रमासांचे 354 दिवस, सौरवर्षाहून 11 कमी. ती तूट अधिकमासाने भरते. म्हणून 2023 सालची आषाढी 29 जूनला, तर 2026 सालची, ज्येष्ठ अधिक असल्यामुळे, 25 जुलैला. मृग मात्र सूर्याचे नक्षत्र. ते दोन्ही साली जूनच्या 7-8 तारखेचेच.