वाचनवय आणि सत्याचा वाटा

बालसाहित्याच्या चर्चेत ‘वयोगट’ हा शब्द इतक्या सहजतेने योजला जातो, की त्यात दोन निराळी वये एकत्र बांधली गेली आहेत हे ध्यानात येत नाही. एक वय जगण्याचे, दुसरे वाचनाचे. पुस्तकावर ‘सहा ते आठ’, ‘बारा ते चौदा’ असे छापताना ही दोन्ही बरोबरीने वाढतात असे गृहीत धरलेले असते. बुलडाणा जिल्ह्यात हे गृहीत टिकत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद परिसरात निहाली बोलणारी कुटुंबे आहेत. या भाषेचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. शेजारी कोरकू, आणि मराठी म्हणावी तर तीही वऱ्हाडी. अशा घरातले बारा वर्षांचे मूल गुरे राखते, धाकट्यांना सांभाळते. प्रमाण मराठीचे वाचन मात्र दुसरीच्या पाठाशी अडखळू शकते. ‘असर’च्या २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी ४२.८ टक्केच होती.

या वाचकाच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्रावर सोपवता येणार नाही.

याच जिल्ह्यातील लोणारचे विवर घ्यावे. विष्णूने लवणासुराचा वध केला ती ही जागा, असे आख्यायिका सांगते. पूर्वी हे विवर ज्वालामुखीचे मानले जाई. १९७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने बेसॉल्टमधील अशनिपाताचा पुरावा पुढे आणला. वयोगटांच्या रूढ वाटणीत धाकट्यांना असुर मिळतो आणि थोरांना अशनी. आख्यायिका असत्य म्हणून त्याज्य आहे असे नव्हे. दैत्यसूदनाच्या मंदिरासमोर उभ्या राहणाऱ्या प्रौढालाही ती हवीच असते. आक्षेप आहे तो वाटणीवर. ज्याचे वाचन मागे राहिले, त्या बारा वर्षांच्या मुलाला ही वाटणी असुरापाशीच थांबवते. भाषेची पायरी आणि सत्याची पायरी एकच मानल्याने दुबळ्या वाचकाच्या वाट्याला दुबळे सत्य येते, आणि हे त्याच्या हितासाठीच केले असे आपण समजतो.

सोपे वाक्य म्हणजे हलका आशय, हे समीकरण मराठीत तरी चालू नये. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ (१९३५) घरगुती बोलीतून कर्ज, अपमान आणि आईचा मृत्यू सांगते. तिच्या भावविवशतेवर टीका झाली आहे, ती काही अंशी रास्तही आहे. परंतु मुलांपासून दुःख लपवल्याचा आरोप तिच्यावर करता येणार नाही.

अर्थात सुलभीकरणात काहीच हरवत नाही असा दावा भाबडा ठरेल. ‘आकाशातून मोठा दगड आला. जमिनीला खड्डा पडला.’ एवढे दुसरीच्या वाचकालाही पेलते. हरवतो तो संशय. विद्वानांनी आधी निराळे मानले होते, मग पुरावा सापडला, मग मत बदलले, ही हकीगत ‘असावे’, ‘वाटत होते’ अशा क्रियापदांवर उभी असते. छोट्यांची पुस्तके बहुधा ‘आहे’ या एकाच क्रियापदावर चालतात. लेखक सर्वप्रथम काटतो ते हेच. वास्तविक कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी ‘असेल’, ‘नसेल’, ‘येईलही’ ही रूपे मूल अक्षरओळखीच्या कितीतरी आधी शिकलेले असते. मृग कोरडा जाऊ लागला की ओसरीवर दुसरे काही बोललेच जात नाही.