खोळ बदललीस, गादीचं काय?

नवं सीट कव्हर घातलंस हे कळलं मला. अख्ख्या आळीला कळलं, दर दोन मिनिटांनी गाडीचं दार उघडून दाखवत होतास ना! काळं-लाल रेक्झिन, मध्ये चौकड्यांची शिलाई, पाठीवर इंग्रजी अक्षरं. बरं. आता त्याच्या खाली काय आहे ते सांग. नाही सांगता येत? मग मी सांगते, कारण मी बोट दाबून पाहिलंय. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, तो बाजूचा उंचवटा, बोटाखाली भसकन आत गेला आणि बोटाला थेट लोखंडी सळई लागली. आतल्या फोमचा भुगा झालाय आणि तू वरून खोळ चढवून मोकळा. ‘रोग म्हशीला आणि औषध पखालीला’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करा म्हटलं की तुझी पाटी कोरी असायची. आज केलास खरा उपयोग, तोही पैसे मोजून.

आणि हे कोणी करावं? कार्यानुभवाच्या तासाला मी ज्याच्याकडून धावदोरा, उलटी टीप, काजं-बटणं सगळं घोटून घेतलं, त्याने. ‘बाई, शिवण हे मुलींचं काम’ म्हणून तोंड वेंगाडणाऱ्यांत तू पहिला. आज पिवळ्या पाटीच्या डिझायरवर तुझं पोट चालतं, तिची सीट फाटली, आणि हे महाशय हातात सुई धरायची म्हटली की इकडेतिकडे बघतात.

सीट कशी फाटली विचारलं तर म्हणे, ‘हल्लीचा मालच हलका.’ नाचता येईना अंगण वाकडं! गाडीत चढताना मी तुला खिडकीतून रोज बघते. एक पाय आत टाकतोस, सगळा भार त्या कडेवर सोडतोस आणि घसरत घसरत आत जातोस. जीनच्या मागच्या खिशात फुगलेलं पाकीट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशाच्या कोपऱ्यात पितळी बटणं. उतरताना पुन्हा तेच, उलट्या दिशेने. भोर ते पुणे, नसरापूर ते वेल्हे, दिवसभर चढणं-उतरणं चालूच. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, दारही उजवीकडे, म्हणून प्रत्येक गाडीची ड्रायव्हरच्या सीटची उजवीच कड आधी जाते. डावी बघ, जवळजवळ नव्यासारखी आहे. ती वाचली कारण तिच्यावर तू बसत नाहीस. दाराकडे पाठ करून आधी नीट टेकायचं, मग दोन्ही पाय उचलून आत फिरायचं. तुझी आजी बैलगाडीत याच पद्धतीने बसायची, तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग पावसाळा. जून लागला की शहरातली पोरं राजगड-तोरण्याला लोटतात, ती तू आणतोस, चार पैसे मिळवतोस, मिळव. (सरकारने 2024 मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड केलं, पण तुझ्या तोंडी आणि माझ्याही तोंडी वेल्हेच येतं, ते असो.) गड उतरून गुंजवण्यात ती पोरं चिंब भिजलेली, ढोपरापर्यंत चिखलाने बरबटलेली येतात आणि तशीच सीटवर बसतात. तू साधं गोणपाटसुद्धा अंथरत नाहीस. साखर, मार्गासनी करत नसरापूरला पोचेपर्यंत ते पाणी सीटच्या शिवणींतून आत मुरतं. रात्री काचा लावून गाडी बंद, सकाळी आत कुबट वास. त्यावर तुझा उपाय काय, तर आरशाला वासाची डबी टांगायची. अरे, वास कुठून येतो ते बघ की! कव्हराच्या आत बुरशी धरलीय. शिरगाव-हिर्डोशीकडे कोसळतो त्या पावसात घोंगडी वाळत नाहीत, बोटभर जाडीचा फोम बंद गाडीत काय वाळणार?

फोम ही काय चीज आहे तेही तुला ठाऊक नसणार. पॉलियुरेथेन म्हणतात त्याला. 1937 साली जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते रसायन काढलं, पुढे दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याच्या मऊ गाद्या निघाल्या. त्याआधी गाड्यांच्या सीटमध्ये स्प्रिंगा, काथ्या, घोड्याचे केस असलं काय काय भरलेलं असायचं. फोमच्या आत हवेची बारीक बारीक घरं असतात. दाबलं की ती मिटतात, सोडलं की उघडतात. एकाच जागी रोज घासलं, वर ऊन आणि ओल लागली, की घरांच्या भिंती तुटतात, मग ती उघडत नाहीत. तुटलेल्या भिंतींवर तू कितीही महागाचं कव्हर ताण, ते आठवड्यात सैल पडणार, सुरकुतणार आणि सळईवर घासून तिथेच पुन्हा फाटणार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच घे. शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. वीस वर्षं येणारा-जाणारा तिच्यात आदळत होता. ती सीट नुसत्या खोळी बदलून टिकली असेल असं वाटतं तुला?

आता काम ऐक. लिहून घे, डोक्यात तुझ्या काही राहत नाही.

आधी ते नवं कव्हर काढ. हो, काढ, रडू नकोस. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडव. सीट पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट, मागे सरकवून पुढचे दोन. खाली वायरचा प्लग असला तर तो खेचायचा नाही, खटका दाबून सोडवायचा. बोल्ट वाटीत ठेव, गवतात नको. सीटबेल्टचं बक्कल याच सीटला बसवलेलं असतं, म्हणजे हे बोल्ट तुझा जीव धरून आहेत. शेवटी ते अंदाजाने आवळायचे नाहीत, गॅरेजमध्ये जाऊन टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाला आवळून घ्यायचे. इथे शहाणपणा केलास तर पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस.

मूळ कव्हर खालून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी अडकवलेलं असतं आणि खाचांमध्ये तारेच्या कड्यांनी फोमला बांधलेलं असतं. त्या कड्या पकडीने तोडायच्या, ओढायच्या नाहीत. ओढल्यास तर चांगला फोमही लचका तुटून हातात येईल. कुठली कडी कुठे होती याचे फोटो काढ. दिवसभर ज्या मोबाईलवर दुसऱ्यांचे नाच बघतोस, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कव्हर विकणाऱ्याने तुला सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. फोमला कोण खातंय ते शोध. कडेच्या आत जाडी तार असते, तिचा रंग गेलेला असतो, गंज धरलेला असतो, आणि प्रत्येक हेलकाव्याला ती फोम आतून करवतते. वरंधा घाटाच्या वळणांवर तू जेव्हा दाराकडे झुकतोस तेव्हा वरून तू आणि आतून ती, दोघे मिळून त्याचा भुगा करता. ती तार पॉलिश पेपरने घास, रेड ऑक्साइडचा हात दे, वाळू दे, आणि तिच्यावर जाड कॅनव्हासची पट्टी गुंडाळून पक्की कर. गोणपाटही चालेल, दुहेरी घे. हे केलं नाहीस तर नवा फोम घालणंही फुकट. खालची स्प्रिंग तुटलेली निघाली तर मात्र घरी खुडबुड नको, वेल्डिंग करणाऱ्याकडे ने.

मग कुजका भाग काप. चांगला, स्पंजी फोम लागेपर्यंत मागे जा, आणि कापलेली बाजू सपाट कर. खड्ड्यात फोमचे तुकडे कोंबायचे नाहीत. तू कोंबणार होतास, तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. उशीतला जुना फोमही नको. नवा घेताना घनता विचार. 32, 40, 50 असे आकडे सांगतात, म्हणजे घनमीटरला इतके किलो. कडेसाठी 40 च्या खाली येऊ नकोस, आणि नुसत्या आकड्यावरही जाऊ नकोस, अंगठ्याने दाबून बघ, कारण घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा. भोरात मिळाला नाही तर नाना पेठेत जा, पुण्याला तर रोजच जातोस. रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना लाव, दहा-पंधरा मिनिटं थांब, बोटाला चिकटेल पण बोटाबरोबर येणार नाही असं झालं की मगच जोड. हे अंगणात करायचं, घरात चुलीपाशी नाही. त्याची वाफ भडकते आणि डोकंही चढवते.

आकार कसा द्यायचा? डावी कड शाबूत आहे ना, तिच्यावर वर्तमानपत्र धरून नमुना काप, तो उलटा कर, झाली उजवी कड. ब्लाउजची दुसरी बाही आपण अशीच बेततो, तीन वर्षं शिकवलं मी ते. नवा तुकडा थोडा मोठाच चिकटव, हॅक्सॉच्या पात्याने छाट, मग पॉलिश पेपरने गोलाई दे. वरून पातळ फोमचा एक थर दे, म्हणजे जोड हाताला लागणार नाही.

फाटलेलं मूळ कव्हर टाकायचं नाही. त्यावर झटपट चिकटणारा डिंक लावून बसला होतास, तो डाग दिसतोय. तो डिंक काचेसारखा कडक होतो आणि शेजारी नवी चीर पडते. फाटका तुकडा तेवढा उसवून काढ, कातरीने नाही, एकेक टाका उचलून. त्यालाच नमुना धरून नवं कापड काप, ताण कुठल्या दिशेला आहे ते बघून, चारी बाजूंनी अर्धा इंच दाब सोडून. सुई 16 किंवा 18 नंबरची. दोरा पॉलिस्टरचा, सुती नको, तो ओलीने कुजतो. आणि टीप लांब ठेव, चार-पाच मिलिमीटरची. बारीक घट्ट टीप मारली की पक्की होते, हा तुझा समज रेक्झिनवर चालत नाही. तिथे बारीक टीप म्हणजे पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग, ओढलं की टर्रकन फाटणार. चढवण्याआधी कव्हर तासभर उन्हात ठेव, मऊ पडलं की ओढ.

आणि तुझ्या मेव्हण्याला हा उद्योग शिकवू नकोस. त्याची स्विफ्ट 2024 च्या नव्या मॉडेलची, तिला सहा एअरबॅग आहेत आणि त्यांतल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला शिवणीखाली बसवल्यात. पाठीच्या कडेला एअरबॅग लिहिलेली चिठ्ठी असते ती वाचायला सांग. त्या सीटचा प्लग घरी सोडवायचा नाही, ती शिवण जाड दोऱ्याने शिवायची नाही, आणि तुझ्यासारखं कुठलंही कव्हर तर वरून मुळीच चढवायचं नाही. ती शिवण धडकेच्या क्षणी फाटावी म्हणूनच केलेली असते. चारशे रुपयांच्या भपक्यापायी ती आवळून टाकणाऱ्याला काय म्हणावं ते मी तुझ्या मुलांसमोर बोलणार नाही.

घरी जमणार नाही असं वाटत असेल तर सरळ कुशनवाल्याकडे जा, त्यात कमीपणा नाही. त्याला ‘फोम बदलून दे’ म्हण, ‘कव्हर घालून दे’ म्हणू नकोस, आणि फोम बसवताना समोर उभा राहा. पण माझ्याकडे यायचं असेल तर रविवारी सकाळी ये. मशीनला तेल घालून ठेवते. उजव्या कडेचा फाटका तुकडा धुऊन, सावलीत वाळवून आण, इस्त्री फिरवू नकोस, वितळेल. सुई आणि दोरा तुझा. टीप तू मारायचीस, मी खुर्चीत बसून बघणार. वाकडी गेली तर उसवायचीही तूच.