मूल आजोळी, घरात दोघंच

मे महिन्यात मूल आजोळी जातं. इकडे आई सवयीने तिघांचा भात लावते, बाबा रात्री फोन करून "जेवला का?" विचारतात. मग दोघं सिनेमाला जायचं ठरवतात आणि तिकिटं काढताना आईच्या मनाला टोचणी लागते. मुलाशिवाय मजेत राहणं म्हणजे कर्तव्यात कसूर का?

परंपरा तसं म्हणत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रातल्या सप्तपदीत पाचवं पाऊल संततीसाठी आहे; सातवं, शेवटचं, सख्याचं. संसाराची सगळी मागणी मागून झाल्यावर वधूला सखी म्हटलं जातं. विदर्भातल्या पद्मपूरचा नाटककार भवभूती 'उत्तररामचरिता'त अपत्याला नवराबायकोच्या स्नेहाची आनंदगाठ मानतो. पण गाठ टिकायची तर दोन्ही धागे शाबूत हवेत.

याज्ञवल्क्य ऋषी आणि त्याची बायको मैत्रेयी यांचा बृहदारण्यक उपनिषदातला संवाद इथे आठवावाच. तो घर सोडायला निघालाय, संपत्तीची वाटणी करतोय. ती विचारते, या धनाने मी अमर होईन का? तो नाही म्हणतो, आणि समजावतो की नवरा, बायको, मुलं, सारी प्रिय असतात ती आत्म्यासाठी. उपनिषदांतली इतकी खोल चर्चा एका जोडप्यात झाली, तीही निरोपाच्या घडीला!

एरवी जोडप्यांचं बोलणं शाळेची फी, डबा, क्लास यांतच अडकतं. आजोळच्या आठवड्यात माळे आवरायचं काम काढण्यापेक्षा दोघांनी गच्चीवर बसून एकमेकांना विचारावं, सध्या तुला कशाची भीती वाटते? मैत्रेयीनेही निरोपाआधीच विचारलं होतं.