मु. पो. वरवंड

मराठीत पत्ता लिहिण्याची जुनी रीत अशी: मु. पो. वरवंड, ता. दौंड, जि. पुणे. एखाद्या घराण्याच्या सात पिढ्या त्याच वाड्यात गेल्या, शिवारात त्यांची विहीर आहे, पारावर त्यांचा मान आहे, तरी पाकिटावर त्यांच्या गावाआधी शब्द येतो तो 'मुक्काम'. वरवंडला तो शब्द वर्षातून एकदा अक्षरशः खरा होतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत असे टप्पे घेत इथे येते, रात्रभर विसावते आणि उजाडताच पाटसच्या वाटेला लागते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली हा पालखी सोहळा सुरू केला. तेव्हापासून या वाटेवर माणसांचे दोन प्रकार ठरून गेलेत: चालून पुढे जाणारे आणि जागेवर राहून त्यांची सोय बघणारे. यात कोण श्रेष्ठ, असा वाद कुणी घालत नाही. पण नोकरीतल्या बदलीचा प्रश्न आला की हे शहाणपण आपल्याला सुचत नाही. जावं की राहावं, आणि जायचं तर कुठे, हा प्रश्न आपण पगार, अंतर आणि मुलांची शाळा एवढ्यावर तोलतो, नाहीतर नशिबावर सोडतो. माझ्या मते तो आधी धर्माचा प्रश्न आहे. धर्म म्हणजे इथे कर्मकांड नव्हे. आपलं कुणाला काय देणं लागतं याचा विचार, या जुन्या अर्थाने.

हा प्रश्न सर्वात उघडपणे दिसतो तो जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकावर नेल्या आणि शिक्षकांचे संवर्ग पाडले. दिव्यांग, विधवा, दुर्धर आजाराचे रुग्ण असे शिक्षक पहिल्या संवर्गात. तीस किलोमीटरपेक्षा लांब नोकरी करणारे पती-पत्नी दुसऱ्यात. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढून बदलीचा अधिकार मिळवलेले तिसऱ्यात. आणि सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षं झालेले 'बदलीपात्र' चौथ्यात. पुढे तपशील बदलले, पण सांगाडा ओळखीचाच राहिला. त्या वर्षीच्या अर्जात वीस शाळांचा पसंतीक्रम द्यायचा होता. वीस ओळी, प्रत्येक ओळीत एका शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक. तो कागद समोर ठेवला की माणसाची मूल्यव्यवस्था क्रमवार मांडून निघते. आधी हायवेवरची गावं, मग रेल्वेजवळची, मग एसटी जाते ती, आणि तळाशी, किंवा यादीत कुठेच नाही, अशी वेल्हे, मुळशी, भोरच्या डोंगरातली वाडी. वरवंड पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, सोलापूर हायवेला लागून, दौंड-पुणे रेल्वे जवळून जाणारी. असं गाव कुणाच्याही यादीत वरच येणार. आणि तिथे आधी असलेल्याची जागा दुसऱ्या कुणी मागितली तर शिक्षकांच्या बोलीत त्याला 'खो बसला' म्हणतात. हा शब्द फार खरा आहे. माझी प्रत्येक पसंती कुणाला तरी उठवते, आणि माझी प्रत्येक नापसंती कुठल्या तरी वर्गाची खुर्ची रिकामी ठेवते. बदली ही माझी एकट्याची गोष्ट आहे ही समजूत त्या वीस ओळींतच खोटी ठरते.

आपल्याकडे यावर दोन तयार उत्तरं आहेत. पहिलं दाणापाण्याचं: जिथलं अन्नपाणी लिहिलंय तिथं जावंच लागतं. हुकूम निघाल्यावर मन शांत करायला ते कामी येतं, पण पसंतीक्रम भरायच्या आधी ते निरुपयोगी आहे, कारण तेव्हा लिहिणारा हात आपलाच असतो. दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, ते अनासक्तीचं. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत 'अनिकेत' हा शब्द आहे, ज्याला घर नाही असा. महानुभाव पंथात तर हा आचारच झाला. चक्रधरांनी अनुयायांना स्वदेशाचा आणि स्वग्रामाचा संबंध सोडायला सांगितलं, कारण शेत, भाऊबंद आणि मान यांचं जाळं गावातच सर्वात घट्ट विणलेलं असतं. पण त्याच चक्रधरांनी महाराष्ट्रात राहायला सांगितलं, हे बहुतेकजण विसरतात. जे स्वतः गुजरातेतून आले त्यांनी हे सांगावं, यात मला विसंगती दिसत नाही. ज्या जागेने बांधून ठेवलं ती सोडा आणि ज्या जागेत साधना होते तिथे राहा, असा तो सरळ निवाडा आहे. म्हणजे सर्वात कडक संन्यासमार्गानेसुद्धा 'सगळ्या जागा सारख्या' असं म्हटलेलं नाही.

वारकरी परंपरेत तर याच्या उलट टोकाची कथा पायाशी आहे. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. देव दारात आला तरी तो जागचा हलला नाही. वीट सरकवली आणि थांबायला सांगितलं. जागा न सोडण्याच्या बाजूने एवढी मोठी साक्ष दुसरी नाही. पण ती कशाची साक्ष आहे हे नीट पाहिलं पाहिजे. पुंडलिक घरासाठी थांबला नाही, पंढरपूरच्या हवापाण्यासाठी तर नाहीच. त्या क्षणी दोन म्हाताऱ्या माणसांना त्याची गरज होती आणि ती दुसऱ्या कुणावर ढकलता येण्यासारखी नव्हती. शिवाय त्याच कथेत जो द्वारका सोडून दिंडीरवनात आला तोही देवच आहे. एक थांबला, एक निघून आला, आणि दोघांनाही आपण पूजतो.

यातून मला जो विचार सुचतो तो असा. अनासक्ती ही आपल्या स्वतःच्या सोयीबद्दल पाळायची असते, दुसऱ्याच्या गरजेबद्दल पाळायची नसते. बदलीचा निर्णय घेताना आधी स्वतःची सोय, प्रतिष्ठा आणि सवय वजा करावी, आणि मग दोन्ही टोकांना कुणाची गरज शिल्लक उरते ते पाहावं. इथे अंथरुणाला खिळलेले वडील आहेत आणि बहीणभाऊ कुणी नाही, तर ती गरज उरते, आणि तिच्यासाठी पदोन्नती सोडणारा माणूस भित्रा नाही. तिकडे एकशिक्षकी शाळा आहे आणि गेली दोन वर्षं तिथे कुणी टिकलं नाही, तर तीही गरज उरते. पण 'हायवे सोडवत नाही' ही गरज नाही. 'पुण्यातला फ्लॅट रिकामा राहील' हीसुद्धा नाही. आपण बहुधा याच्या नेमकं उलट करतो: आपल्या सोयीला गरज म्हणतो आणि समोरच्याच्या गरजेला 'व्यवस्थेचा प्रश्न' म्हणतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मन नसलेल्या माणसाला डोंगरात पाठवून मुलांचं काय भलं होणार? हा आक्षेप खोटा नाही. बळजबरीने आणलेला माणूस खुर्ची अडवतो, काम करत नाही. पण मन लागतं कधी, हेही बघायला हवं. जाण्याला शेवट आहे हे माहीत असलं की मन लागायला मदत होते. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षं धरला आणि बदल्या एरवी एप्रिल-मे महिन्यांतच कराव्यात असं ठरवलं. ही कोरडी तरतूद वाटते, पण तिच्यात फार जुनी जाण आहे. बौद्ध आणि जैन साधू वर्षभर फिरत आणि पावसाळ्यात एका जागी राहत. फिरण्याला हद्द, थांबण्यालाही हद्द. ज्याला आपण किती दिवस कुठे आहोत हे कळतं, त्याला तेवढे दिवस पुरे देता येतात. जिथे मर्जीने, मुदतीआधी, शिक्षा म्हणून बदली होते तिथे हा आधारच काढून घेतला जातो, आणि मग मन लागत नाही हा दोष जाणाऱ्याचा राहत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: निवडच नसलेल्यांना हा विचार काय सांगणार? परंपरा सांगते की चोखामेळ्यांना मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामाला बोलावलं गेलं आणि ते कूस कोसळून ते तिथेच गेले. त्यांना पसंतीक्रम विचारला नव्हता. आजही दौंड-शिरूरच्या उसात दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या उतरतात. पाचटाच्या झोपड्या पडतात, पहाटे अंधारात नवराबायकोचा एक कोयता फडात शिरतो, आणि शाळेच्या वयाची मुलगी झोपडीपाशी धाकट्याला सांभाळत बसते. या माणसांना अनासक्ती शिकवायला जाणं हे पाप आहे, मी हाच शब्द वापरीन. ज्याला निवड आहे त्याच्यासाठीच हा विचार आहे. आणि म्हणूनच पगारी, कायम नोकरीतल्या माणसावर त्याचा भार जास्त पडतो. त्या झोपडीतल्या मुलीच्या गावची शाळाही बहुधा कुणीतरी यादीच्या तळाला टाकलेली असते.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा पळवाट आहे: अपडाऊन. बदली घ्यायची, पण घर हलवायचं नाही. शाळा किंवा दवाखाना सुटायच्या आधी नजर घड्याळावर, गाडी चुकली तर सगळं कोसळतं. घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो आणि गावही तो देऊन टाकतं, त्यातला खोटेपणा दोन्हीकडच्यांना ठाऊक असतो. मी सरसकट दोष देणार नाही. पत्नीची नोकरी दुसऱ्या तालुक्यात असेल, मूल दहावीला असेल, तर रोजचे दोन-तीन तास प्रवासात घालवणारा माणूस आपल्या अंगावर दुहेरी ओझं घेत असतो. पण नुसत्या सोयीसाठीचं अपडाऊन असेल तर पालखीकडे पाहावं. ती एकच रात्र थांबते, पण थांबते. राहुट्यांच्या खुंट्या ठोकल्या जातात, कीर्तन होतं, माणसं त्या मातीवर झोपतात. दिवसाचे सहा तास तीन वर्षं येऊन गेलेल्या कर्मचाऱ्याने गावात एकही रात्र काढली नसेल, तर रात्री ताप चढलेल्या मुलाच्या आईला, किंवा संध्याकाळी मोकळ्या होणाऱ्या शेतकऱ्याला, तो भेटलाच नाही.

मात्र एवढं सांगून थांबलं तर अर्धाच हिशेब मांडल्यासारखा होईल, कारण राहणाऱ्यांचंही देणं असतं. वरवंडहून निघाल्यावर पाटसच्या पुढे रोटीचा घाट लागतो. तिथे रथाच्या नेहमीच्या बैलांवर भागत नाही. पुढे जादा बैलजोड्या जुंपतात, दोर ताणले जातात, विठ्ठलनामाच्या गजरात रथ चढणीला लागतो. यवतला वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घातली जाते, तेव्हा जेवणाऱ्याचं आडनाव कुणी विचारत नाही. पण तीच आपली गावं बदलून आलेल्या नर्सबाईंना किंवा गुरुजींना खोली देताना काय करतात? वरच्या दोन खोल्या रिकाम्या असतात, नळ आहे, मीटर वेगळा आहे, भाडं ठरतं, आणि मग दारात उभं राहून घरमालक विचारतो, 'आडनाव काय म्हणालात?' आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारतो, मग पाव्हणे कुठले ते विचारतो. दुसऱ्या दिवशी निरोप येतो की भाच्याला खोली लागणार आहे. असे तीन-चार निरोप आल्यावर नर्सबाई तालुक्याच्या गावी राहायला जातात आणि अपडाऊन सुरू करतात. पुढच्या ग्रामसभेत तक्रार होते की आरोग्य केंद्रात रात्री कुणी नसतं. तक्रार करायला उठणाऱ्यांत वरच्या दोन खोल्यांचा मालकही असतो.