उन्हाला अंत नाही, पाण्याला आहे
कोरकू आदिवासींच्या सिडोली विधीत मृताच्या नावाने सागवानी फळी उभारतात. तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, खाली बहुधा घोडेस्वार. मेलेल्या माणसाची खूण ठेवताना साक्षीला सूर्य-चंद्र लागतात, इतका सूर्यदेव मेळघाटात घरचा आहे. आणि याच देवाच्या उन्हात चैत्राच्या सुमाराला अंगणात मोहाची फुलं वाळत पडलेली असतात. सूर्याची पूजाही होते आणि त्याला कामालाही लावलं जातं. कोरकू माणसाला त्यात विसंगती दिसत नाही. म्हणून सौर पंपाचे पॅनल पाहून ज्यांना ‘देवाला मजुरीला जुंपलं’ असं वाटतं, त्यांची हळहळ मला फारशी पटत नाही. देवाचं देणं वापरणं हा त्याचा अपमान नव्हे. प्रश्न दुसरा आहे, आणि तो अधिक अवघड आहे: जे कधी संपत नाही ते हाती आल्यावर माणसाने किती घ्यावं, हे ठरवणार कोण?

आजवर हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण मर्यादा बाहेरूनच येत होती. शेतीच्या फीडरला वीज आठ तास, तीही पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. हरभऱ्याला ओलित करायला शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा राहायचा. पायाखाली साप, पलीकडे रानडुकरं. ही रात्रपाळी हा शेतकऱ्यावरचा उघड अन्याय होता. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं मोठं मोल हेच की तिने दिवसाची वीज हा हक्क मानला. जो माणूस दिवसभर राबतो त्याची झोप वाचवणारी ऊर्जा नैतिकदृष्ट्या चांगलीच. त्यावर वाद घालायचं कारण नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ज्या उन्हाला वऱ्हाड पिढ्यानपिढ्या शिव्या देत आला, तेच आता उपयोगी पडतंय, याचा आनंद खराच आहे.

पण वरुड-मोर्शीकडे वळलं की हा आनंद अडखळतो. संत्र्याच्या या पट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला. विहिरी आटल्या, मग बोअर आले, मग बोअरही शेकडो फूट खाली गेले. संत्र्याचं झाड कपाशीसारखं नसतं. एक उन्हाळा पाण्यावाचून गेला की पाच-सात वर्षांची मेहनत वाळून सरपण होते. अशा शेतकऱ्याच्या हाती बिल न येणारा आणि भारनियमन नसलेला सौर पंप आला, तर तो ऊन आहे तोवर पाणी ओढणारच. आठ तासांच्या विजेने जी मर्यादा नकळत घातली होती, ती सूर्याने काढून टाकली. सूर्य कोट्यवधी वर्षं पुरेल. बेसाल्टच्या भेगांत साठलेलं पाणी मात्र एका पिढीतही उपसून होतं. पश्चिमेकडे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर खालचं पाणीच खारट. तिथे उपसून मिळणार काय, हाच सवाल. ऊर्जा अक्षय झाली म्हणून सृष्टी अक्षय होत नाही. उलट बाहेरचा लगाम सुटला की आतला लगाम लागतो, आणि इथूनच हा विषय वीजमंडळाचा न राहता धर्माचा होतो.

याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचं श्रेष्ठ तीर्थ. या पंथाने संन्याशाला भिक्षेवर जगायला आणि संचय न करायला सांगितलं. भिक्षेकऱ्यापुढे सगळं गाव उघडं असतं, आणि तरी तो गरजेपुरतंच घेतो. उपलब्धता आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आचारात आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही देवांनी दिलेलं परतफेड न करता भोगणाऱ्याला चोरच ठरवलं आहे.

यावर रास्त आक्षेप येतो: संन्याशाचं व्रत संसारी शेतकऱ्याच्या गळ्यात का मारता? कर्ज त्याच्या डोक्यावर, पोरीचं लग्न त्याच्या घरी. आणि मेळघाटात, जिथे १९९३च्या सुमाराला कुपोषणाने बालकं गेली म्हणून देश हादरला, तिथल्या आरोग्य उपकेंद्राला लस थंड ठेवायला वीज हवी असताना संयमाच्या गोष्टी सांगणं हा पोटभरल्याचा शौक नाही का? ज्याच्याकडे नाहीच, त्याला मर्यादा शिकवणं अधर्म आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. चिखलदऱ्याच्या पठारावरून ज्या दऱ्या पाहून पर्यटक हरखतो, त्याच दऱ्यांतल्या पाड्यावरचा दिवा आधी लागला पाहिजे. मर्यादा मागायची ती ज्याच्याकडे पंप आहे, बोअर आहे, त्याच्याकडे.

तिथेही एकट्याचा संयम कामाचा नाही, कारण पाणी बांध ओळखत नाही. एकाने पंप बंद ठेवला तर शेजाऱ्याला तेवढं जास्त मिळतं, इतकंच. म्हणून या व्रताचा कर्ता गाव असला पाहिजे. वऱ्हाडाला हे नवं नाही. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीता’ लिहिली तीच मुळी गाव हे उपासनेचं स्थान मानून. डेन्मार्कच्या साम्सो बेटाने १९९७ मध्ये अक्षय ऊर्जेचा ध्यास घेतला तेव्हा पवनचक्क्यांमध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी आणि सहकारी गटांनी स्वतःचे पैसे घातले; वारा त्यांच्या मालकीचा नव्हता, जबाबदारी मात्र त्यांची झाली. आपल्याकडे अटल भूजल योजनेने ग्रामपंचायतीला पाण्याचा ताळेबंद मांडायला सांगितलं: पाऊस किती, मुरलं किती, उपसलं किती. हा कागद अधिकाऱ्यासाठी भरून देण्याऐवजी ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि पुढच्या सौर पंपांची संख्या, त्यांची अश्वशक्ती आणि पेरायची पिकं त्या आकड्यावर ठरावीत. पंपाच्या अर्जाला सातबारा जोडतात तसा गावाचा हा ताळेबंदही जोडला जावा.