शिळेची साक्ष आणि शिळेची मालकी

स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातील मोंते या गावी ग्रॅनाइटची एक प्रचंड शिळा आहे. तिचे नाव प्येर दे मार्मेत. आकारमान सुमारे १८०० घनमीटर. माथ्यावर एक लहानसे घरही बांधलेले आहे. भोवतालचा डोंगर मात्र निराळ्या खडकाचा. ही शिळा मूळची मोंट ब्लाँ पर्वतसमूहातली. हिमयुगात हिमनदीने ती वाहून आणली आणि बर्फ वितळल्यावर येथे सोडून दिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी ती एका खाणवाल्याला विकण्यात आली. यात गैर ते काय? मोंतेच्या अशा कितीतरी शिळा फोडून चिरे काढले गेले होते व त्यांवर पाथरवटांची घरे चालली होती. एकाने आपली वस्तू विकली, दुसऱ्याने दाम मोजून घेतली. या भाकरीला आपण तुच्छ लेखू नये. दूर बसून निसर्गप्रेम करणाऱ्यांना ते फार सोपे जाते. तरीही प्रश्न उरतोच: दगड विकत घेणाऱ्याने त्या दगडाची साक्षही विकत घेतली काय?

उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात लाबान व याकोब धोंड्यांची रास करतात. लाबान तिला अरामी भाषेत ‘यगर-सहादूथा’ म्हणतो, याकोब इब्री भाषेत ‘गलेद’. दोन्हींचा अर्थ एकच, साक्षीची रास. (आपल्या ओळखीचा ‘शहीद’ हा शब्द त्या ‘सहादूथा’चाच भाऊबंद; त्याचाही मूळ अर्थ साक्षी.) ती रास माणसांनी साक्षीसाठी रचली. मोंतेची शिळा कोणीच रचली नाही, म्हणून तिची साक्ष समजायला फार वेळ लागला.

अशा भटक्या शिळा जलप्रलयाने वाहून आणल्या, असे अनेक विद्वान मानीत. ऑक्सफर्डचे धर्मोपदेशक व भूवैज्ञानिक विल्यम बकलँड यांनी १८२३ साली प्रलयाच्या खुणांवर ग्रंथच लिहिला. १८१५ साली पेरोदँ नावाच्या एका पहाडी शिकाऱ्याने मिठाच्या खाणींचे संचालक शार्पांत्ये यांना सांगितले, की एके काळी हे सारे खोरे बर्फाने भरलेले होते. शार्पांत्येंना ते पटले नाही. पुढे पटले, तेव्हा १८४१ साली त्यांनी हिमनद्यांवरील आपल्या ग्रंथात मोंतेच्या शिळांचे वर्णन केले. बकलँडही १८४० मध्ये लुई अगासींबरोबर स्कॉटलंडमध्ये हिंडून हिमनदीच्या बाजूचे झाले. शास्त्राचा मान राखू पाहणाऱ्यांनी शिळेच्या तोंडी आपले उत्तर घातले होते. शिळा जागेवर होती, म्हणूनच ते उत्तर तपासता आले.

हस्तलिखितांशी काम करणाऱ्यास हे ओळखीचे आहे. नकलकाराला एखादा शब्द अडतो. तो सोपा करून लिहितो आणि पुढच्या पिढीच्या हाती गुळगुळीत पण खोटा पाठ येतो. अडणारा शब्द तसाच ठेवणारा नकलकार, अर्थ न कळूनही, अधिक प्रामाणिक. शिळा राखणे मला याच जातीचे कर्तव्य वाटते. तिचा शेवटचा अर्थ आपल्याला लागला आहे, असे तरी कोणी म्हणावे?

मोंतेच्या शिळेबाबत आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ती खाणवाल्याकडून हिसकावून घेतली नाही. पैसा उभा करून परत विकत घेतली आणि निसर्गविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या हवाली केली. मालकीचा हक्क मान्य करूनच साक्ष वाचवली गेली. १९०९ साली त्या देशात निसर्गरक्षणाचा संघ स्थापन झाला, त्याची वर्गणी होती वर्षाला एक फ्रँक.